लॉन्ड्रीतल्या मोठ्या मशिनांचा मेंटेनन्स: महिन्यावर लावायचा की तासांवर?

पंचगंगा
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमची लॉन्ड्री आहे. दोन हॉस्पिटलं, काही हॉटेलं आणि सीझनला मंगल कार्यालयं, असा माल. ६० किलोचे दोन वॉशर एक्स्ट्रॅक्टर (धुऊन पिळूनही देणारे), ३० किलोचा एक, तीन टंबलर (ड्रायर), एक कॅलेंडर (चादरी आत घालायच्या आणि इस्त्री होऊन बाहेर, ते), एक जुना हायड्रो (ओला माल गरगर फिरवून पाणी काढणारा). सगळं वाफेवर, म्हणजे बॉयलर आणि सॉफ्टनरही (पाण्याचा कडकपणा काढणारा) आलंच. रोज साधारण १२०० किलो.

काय काय करायचं याची यादी भिंतीवर चिकटवलेली आहे. प्रश्न यादीचा नाही, दिवसाचा आहे. आमच्या दादाचं म्हणणं, दर महिन्याचा पहिला रविवार ठरवून टाक, विषय संपला. मला ते पटत नाही, कारण एक ६० किलोचं मशीन दिवसभर फिरतं आणि दुसरं अर्धा दिवसच. दोघांना एकच माप कसं लावायचं? शिवाय हॉस्पिटलचा माल रविवारी थांबत नाही. एएमसीवाले (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेले) तीन महिन्यांनी येतात, वरून फडका मारतात, चहा घेतात, सही घेऊन जातात. ऑपरेटरांचं एकच पालुपद: "चालतंय की व्यवस्थित, कशाला हात लावताय?"

तुमच्याकडे मेंटेनन्सचं कसं बसवलंय? हॉटेल, हॉस्पिटल, गारमेंट वॉशिंग, कुठलंही चालेल.

टवाळखोर
आमच्याकडे वेळापत्रक एकदम पक्कं आहे. खंडेनवमीला मशीन पुसायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. तिथून पुढच्या खंडेनवमीपर्यंत देवाच्या भरवशावर. (हलके घ्या.)

ग्रीसगन
टवाळखोर, हसू नका. त्या झेंडूच्या पाकळ्या मी ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या खोक्याच्या) कूलिंग फॅनमधून चिमट्याने काढल्या आहेत. मशीन ओव्हरहीट दाखवून बंद पडत होतं आणि मालक नवा ड्राइव्ह मागवायला निघाले होते.

आता मूळ प्रश्न. बहुतेक वॉशरच्या मॅन्युअलमध्ये "दर महिन्याला किंवा २०० तासांनी", "दर तीन महिन्यांनी किंवा ५०० तासांनी" अशा धर्तीचं काहीतरी असतं आणि पुढे लिहिलेलं असतं, यातलं जे आधी येईल ते. लोक महिना वाचतात आणि पुस्तक मिटतात. रोज दहा तास फिरणाऱ्या मशीनचे २०० तास तीन आठवड्यांच्या आत भरतात आणि ५०० तासांना दोन महिनेसुद्धा लागत नाहीत. म्हणजे तुमचा एएमसीवाला तिमाहीला येतो तेव्हा त्या कामाची वेळ महिनाभर आधीच उलटून गेलेली असते. तो चहा घेवो न घेवो.

त्यामुळे जे झिजतं ते तासांवर लावा: बेअरिंगचं ग्रीस, बेल्टचा ताण, फाउंडेशन बोल्ट (तुमची मशिनं हार्ड माउंट, म्हणजे थेट जमिनीला बोल्टने आवळलेली असतील तर), स्प्रिंगा आणि डॅम्पर (सॉफ्ट माउंट, म्हणजे स्प्रिंगांवर बसवलेली असतील तर). पॅनेलवर तास किंवा सायकल मोजलेल्या दिसतात. नसतील तर अवर मीटर बसवा, कुठलाही इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात बसवून देतो.

पण दादांना अगदीच मोडीत काढू नका. रबर आणि दमट हवा यांना तास कळत नाहीत. दाराचं गॅस्केट, होजपाइप, पॅनेलमधली टर्मिनलं हे मशीन उभं असलं तरी खराब होतं. ते महिन्यावरच.

ग्रीसबद्दल एक. दिवसअखेरीला, मशीन गरम असताना द्यायचं. मॅन्युअलमध्ये लिहिलेत तेवढेच स्ट्रोक. "घाल अजून दोन, मशीनच खातंय" असं करणारे फिटर मी पुष्कळ पाहिलेत. जास्तीचं ग्रीस सीलची कड उलटी करतं आणि मग तिथूनच पाणी आत शिरतं. बेअरिंग हाउसिंगच्या खाली एक बारीक भोक असतं, निचऱ्याचं. आठवड्यातून एकदा तिथं बोट लावून बघा. कोरडं तर उत्तम. साबणाचं पाणी आलं तर सील चाललंय. तांबूस पाणी आलं तर ते बेअरिंगपर्यंत पोचलंय. सीलवर भागण्यासारखं काम पुढे शाफ्टवर जातं आणि मग क्रेन बोलवावी लागते.

मांडवी
वाचतेय. मी गोव्यात हॉटेलच्या हाउसकीपिंगला आहे, इन-हाउस लॉन्ड्री माझ्याकडेच येते. आमचं मोठं काम ठरलेलं: जून ते सप्टेंबर. पर्यटक कमी, खोल्या रिकाम्या, एकेक मशीन आठवडाभर उघडून ठेवलं तरी कोणी विचारत नाही. बेअरिंग, कॅलेंडरचं पॅडिंग, ड्रायरची सगळी डक्ट, सगळं तेव्हाच. ऑक्टोबरनंतर हात लावायचा नाही, फक्त रोजची आणि साप्ताहिक कामं.

पण समुद्राकाठी तास-बीस सगळं बाजूला राहतं. खारा वारा. लॉन्ड्रीची खिडकी पश्चिमेला असेल तर अर्थिंगच्या पट्ट्या आणि पॅनेलचे स्क्रू बघता बघता हिरवे-तांबडे होतात. आम्ही पावसाळ्यात पॅनेलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि केबल जिथून आत येते ती भोकं बुजवतो. पाली आत जाऊन काँटॅक्टरमध्ये (मोटारीची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) चिरडतात, मग तो काँटॅक्टर नीट बसत नाही आणि फिटर मोटारीला दोष देत बसतो.

कोल्हापूरकरांनी चातुर्मास धरावा. लग्नं नाहीत, कार्यालयांचं लिनन नाही.

वॉर्ड_नंबर_सात
मांडवीताई, हॉटेलपुरतं ठीक आहे, पण धागाकर्त्यांकडे दोन हॉस्पिटलं आहेत. आमचा सीझन पावसाळ्यातच असतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, गॅस्ट्रो. ऑगस्टमध्ये खाटा भरलेल्या, चादरी दिवसातून दोनदा बदलायच्या, आणि बाहेर दमट हवेमुळे कोरडं व्हायला वेळ जास्त. तेव्हा कोणी मला म्हणालं की मशीन आठवडाभर उघडं राहील, तर मी त्याला वॉर्डात आणून उभा करीन.

मी मशीनवाली नाही, हॉस्पिटलच्या लिनन रूमचं काम बघत आले. पण तुम्हा मशीनवाल्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट सांगते. मेंटेनन्सचा दिवस लिननच्या कपाटात शोधा. एका खाटेमागे चादरींचे किती संच आहेत? एक खाटेवर, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात, हे कमीत कमी तीन. ज्या हॉस्पिटलात दोनच आहेत तिथं लॉन्ड्रीचं मशीन एक दुपार बंद राहिलं की संध्याकाळी सिस्टर फोन करते. जिथं चार आहेत तिथं तुम्ही दिवसभर बंद राहिलात तरी कुणाला पत्ता लागत नाही. तुम्ही तुमच्या हॉस्पिटलांना विचारलंय का, त्यांच्याकडे किती संच आहेत? आणि त्यातले फाटके, डागाळलेले, ऑटोक्लेव्हमध्ये गुंडाळायला वापरून संपलेले किती?

पंचगंगा
@वॉर्ड_नंबर_सात, या बाजूने विचारच केला नव्हता. एका हॉस्पिटलात तीनच्या वर आहेत हे माहीत आहे. दुसऱ्यात बहुतेक दोनच चालले असणार, कारण सकाळी माल देताना दारातच हिसकावून घेतात.

@ग्रीसगन, मशिनं हार्ड माउंट आहेत. भोक शोधतो उद्या.

हिशेबनीस
वॉर्ड_नंबर_सात यांना जोरदार अनुमोदन. आता आकड्यात मांडू.

६० + ६० + ३० = १५० किलो. पूर्ण ठासून कोणी भरत नाही (आणि भरूही नये), ८५ टक्के धरा, म्हणजे एका फेरीला साधारण १२७ किलो. १२०० किलोला साडेनऊ-दहा फेऱ्या, तासाला एक फेरी धरली तर दहा तास. एक ६० किलोचं मशीन चार फेऱ्या बंद ठेवलं तर चार गुणिले ५१, म्हणजे २०४ किलो माल मागे पडला. तो तिन्ही मशिनांवर दोन फेऱ्यांत निघतो. थोडक्यात, अर्ध्या पाळीच्या मेंटेनन्सची किंमत दोन तासांचा ओव्हरटाइम आणि तेवढी वाफ. एवढीच. बेअरिंग गेल्यावर मशीन किती दिवस बंद राहतं, परदेशी बनावटीचा पार्ट यायला किती आठवडे लागतात, आणि तोपर्यंत बाहेरून धुऊन घ्यायला किलोमागे काय दर पडतो, हे ज्यानं एकदा भरलंय त्याला हे दोन तास स्वस्त वाटतील.

फक्त ड्रायरची तेवढी कुवत आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी वॉशर मोकळे असतात आणि ओला माल ड्रायरपुढे ढीग करून बसलेला असतो.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, तुम्ही बेअरिंगवरच बसले. आमच्याकडं आधी पाणी, मग मशीन. अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, ते मशीनमध्ये टाकायचं. सॉफ्टनर लावला की झालं असं एका विक्रेत्यानं सांगितलं होतं. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आन् त्याच्या जागी सोडियम देतो. खारेपणा तसाच राहतो. क्लोराइड काही जात नाही. वरून ऑपरेटर हायपो (क्लोरीनचं ब्लीच) ओततो, आन् रात्री ड्रममध्ये भिजवून घरी जातो. सकाळी स्टीलच्या ड्रमला सुईच्या टोकाएवढे खड्डे. मग प्रत्येक चादरीले तांबडा ठिपका.

म्हणून आमचा नियम: शेवटची फेरी साध्या पाण्याची, ड्रम रिकामा, दार उघडं ठेवूनच कुलूप लावायचं. आन् सॉफ्टनरच्या पुढच्या नळाचं पाणी रोज सकाळी हार्डनेस किटनं तपासायचं. थेंब टाकल्यावर निळं आलं तर मशीन चालू, गुलाबी आलं तर आधी मिठाचं रिजनरेशन (मिठाच्या पाण्यानं सॉफ्टनर पुन्हा ताजा करणं). हे बॉयलरवाल्याचं काम आहे असं वॉशरवाला म्हणतो आन् वॉशरवाल्याचं आहे असं बॉयलरवाला. आम्ही किट तिसऱ्याच माणसाकडं दिलं.

बाष्पक
ते काम बॉयलरवाल्याचंच आहे, ठेचाभाऊ. कडक पाणी गेलं तर नळ्या माझ्या जातात.

पंचगंगा, तुमचा बॉयलर कायद्याखाली येतो का ते आधी सांगा. २५ लिटरपेक्षा कमी पाणी धरणारे लहान बॉयलर 'नॉन-आयबीआर' म्हणून विकतात, त्यांना वार्षिक तपासणीचा व्याप नसतो. तुमचा मोठा असेल तर बाष्पके संचालनालयाचा दाखला लागतो आणि तो जास्तीत जास्त बारा महिन्यांचा असतो. १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा नवा आला तरी तपासणी चुकलेली नाही. म्हणजे वर्षातून एकदा बॉयलर थंड करून, रिकामा करून, उघडून ठेवावाच लागतो. ती तारीख तुम्हाला आधीपासून ठाऊक असते.

मग वाफेवरची सगळी मोठी कामं त्याच दिवसांत का नाही करायची? ड्रायरच्या स्टीम कॉइल, कॅलेंडरचे सांधे, सगळे स्टीम ट्रॅप (वाफ अडवून तिचं झालेलं पाणी तेवढं बाहेर सोडणारे), वॉशरचे स्टीम व्हॉल्व्ह, लाइनमधले स्ट्रेनर. मी तीन-तीन वेळा लाइन थंड करणारे कारखाने पाहिलेत. बॉयलरला एकदा, ट्रॅपला एकदा, ड्रायरला एकदा. प्रत्येक वेळी पुन्हा गरम करताना फ्लॅन्ज गळायला लागतात, मग चौथ्यांदा.

ट्रॅप ओळखायला सोपे आहेत. चालू लाइनवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपला आणि मूठ कानाशी. चकतीवाला ट्रॅप टक... टक... असा थांबून वाजला पाहिजे. सलग सूऽऽ आवाज म्हणजे वाफ परत टाकीत चाललीय. आणि एकदम गार म्हणजे चोंदलाय, त्या ड्रायरवरचे टॉवेल दमट निघत असणार.

टवाळखोर
स्क्रूड्रायव्हर कानाला, बोट भोकात... डॉक्टर कमी पडतात म्हणून लॉन्ड्रीवाल्यांनाच ओपीडी द्या.

सुईदोरा
माझं विषयांतर, पण राहवत नाही. कार्यालयांच्या टेबलक्लॉथमधून काय काय निघतं? आमच्याकडे अक्षता! तांदूळ गरम पाण्यात फुगतात आणि ड्रेन व्हॉल्व्हच्या कडेला चिकटून बसतात, व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मशीन पाणी भरतंय आणि तेवढंच गळतंय. लग्नसराईत ड्रेन रोज उघडतो, एरवी आठवड्यातून एकदा. म्हणजे आमच्याकडे तिसराच हिशेब आहे, ना महिना ना तास, मुहूर्त!

आणि हळदीचा डाग साबणात पडला की लाल होतो, नव्या पोरांना वाटतं रक्त. अल्कलीत हळद लाल होते, शेवटी सावर (धुलाईचं सौम्य आम्ल) दिलं की पुन्हा पिवळी. उन्हात टाकली की उडते.

वॉर्ड_नंबर_सात
@सुईदोरा, तुमच्याकडे अक्षता, आमच्याकडे सुया. हॉस्पिटलच्या चादरीतून इंजेक्शनची सुई, ब्लेड, सेफ्टी पिन, कात्रीसुद्धा निघते. पंचगंगा, ड्रेन व्हॉल्व्ह किंवा ड्रमखालची जाळी साफ करताना फिटरला हात घालू देऊ नका. लांब चिमटा, जाड हातमोजे, बाजूला सुयांचा पांढरा डबा. आणि माल हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी ची लस. आमच्याकडचे टेक्निशियन मेंटेनन्सच्या यादीत 'ड्रेन साफ करणे' एवढंच लिहायचे.

प्रवासी_पक्षी
विषय निघालाच आहे तर, रेल्वेतली ब्लँकेटं किती दिवसांनी धुतात हो?

हिशेबनीस
@प्रवासी_पक्षी, २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलंय, महिन्यातून किमान एकदा. म्हणून दुसरी चादर देतात, पांघरायला. धागा मेंटेनन्सचा आहे, ब्लँकेटचा वेगळा काढा.

लेस्टरकर
इंग्लंडात हॉस्पिटलांचं काम घेणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत आहे. इथे वॉशर एक्स्ट्रॅक्टर फक्त किरकोळ कामाला, मुख्य काम टनेल वॉशरवर. एका टोकाला मळका माल, दुसऱ्या टोकाला प्रेस. ते एक मशीन थांबलं की सगळा कारखाना थांबतो, त्यामुळे मेंटेनन्स रात्रपाळीत, इंजिनियरांची वेगळी टीम, उत्पादनाचा माणूस तिथे फिरकतही नाही. ते तुम्हाला लागू नाही.

लागू होईल अशी गोष्ट म्हणजे तापमान. इथल्या हॉस्पिटल लॉन्ड्रीच्या मार्गदर्शिकेत निर्जंतुकीकरणाला ६५ अंशांवर किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशांवर किमान ३ मिनिटं असं आहे, वर पाणी-कपडा एकसारखा तापायला लागणारा वेळ वेगळा. अमेरिकेत ७१ अंशांवर २५ मिनिटं धरतात. पण पॅनेलवर ७१ दिसतं म्हणजे आत ७१ आहे असं नाही. सेन्सरवर साका बसतो, तो खोटं बोलायला लागतो. आम्ही कपड्यांसोबत छोटे डेटा लॉगर टाकतो आणि पॅनेलच्या आकड्याशी ताडून बघतो. हॉस्पिटलचं काम करत असाल तर सेन्सरची तपासणी वेळापत्रकात ठळक लिहा. बेअरिंग गेलं तर कळतं. तापमान गेलं तर काही कळत नाही, कपडे स्वच्छच दिसतात.

दुसरं, आमच्या लॉगबुकात 'ओके' लिहायला बंदी आहे. आकडा लिहायचा. पाणी भरायला किती सेकंद, रिकामं व्हायला किती सेकंद, स्पिनला मोटार किती अँपिअर घेते. भरायला वेळ वाढत चालला की इनलेटची जाळी चोंदलीय. रिकामं व्हायला वाढला की ड्रेन. अँपिअर चढले की बेल्ट, बेअरिंग किंवा असमतोल भार. तीन आकडे, ऑपरेटरला दोन मिनिटांचं काम.

ग्रीसगन
@लेस्टरकर, हा धागा इथेच संपला तरी चालेल, एवढं तुमचं लॉगबुक कामाचं आहे. आमच्या पुस्तकांत बारा महिने बारा पानं 'ओके', आणि तेराव्या पानावर मशीन भंगारात.

कडक_इस्त्री
सगळे वॉशरमागे. कॅलेंडरचं कोण बोलणार? रोज सकाळी फिंगर गार्ड तपासा: पट्टीला हात लागताच रोल थांबला पाहिजे, नाहीतर चादर घालायचीच नाही. रोज रोलला मेण. आणि वीज गेली की रोल तापलेला, कापड अडकलेलं, पॅडिंग जळायला लागतं. हाताने फिरवायचा दांडा मशीनला दिलेला असतो, पण तो कुठं आहे हे पाळीवर कुणाला ठाऊक नसतं. आमच्याकडे तो साखळीने मशीनलाच बांधलाय. महावितरणचा शटडाउनचा मेसेज आला की मी तो दिवस बेल्ट आणि ग्रीसला धरतो, तशीही वीज नसते.

पंचगंगा, तुम्ही जुना हायड्रो लिहिलाय. झाकणाचं इंटरलॉक (झाकण उघडं असताना ड्रम फिरू न देणारी सोय) चालू आहे का?

पंचगंगा
@कडक_इस्त्री, इंटरलॉक आहे, पण ऑपरेटरांनी वायर टाकून बायपास केलाय. झाकण उघडून फिरता ड्रम हाताने थांबवायची त्यांची सवय. बोललो की म्हणतात, रोज शंभर वेळा झाकण लावायचं तर माल कधी निघणार.

कडक_इस्त्री
उद्या सकाळी पहिली ती वायर काढा. बाकीचं वेळापत्रक नंतर. फिरत्या हायड्रोत ओल्या चादरीचं टोक हाताला गुंडाळलं तर हात खांद्यापासून जातो.

टवाळखोर
यावर विनोद नाही. काढाच.

ग्रीसगन
आणि काढल्यावर ब्रेकही बघा. ड्रम थांबायला फार वेळ लागतो म्हणूनच पोरं हात घालतात. ब्रेकचं लायनिंग गेलेलं असणार. नवं टाकलं की इंटरलॉकबद्दल तक्रार अर्धी होते.

तसंच मशीनवर काम करताना मेन आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. 'चालू करू नका' असा कागद चिकटवणं म्हणजे कुलूप नव्हे.

मांडवी
ड्रायरबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. लिंटची जाळी दर दोन-तीन लोडनंतर, हे सगळे करतात. डक्ट कोणी उघडत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात छपरापर्यंतची डक्ट उघडतो तेव्हा गोधडीएवढा थर निघतो. आणि स्पाचे टॉवेल! मसाजचं तेल धुण्यातून पूर्ण जात नाही. तसे टॉवेल ड्रायरमधून काढून गरमागरम घडी घालून ढीग केला की काही तासांनी आतून आपोआप तापायला लागतात.

अर्धवट_रसायन
@मांडवी, बरोबर, तेलाचं ऑक्सिडेशन. तेल असंतृप्त असेल तितका धोका जास्त. जवस सगळ्यात वाईट, तीळ-सूर्यफूल मधलं, खोबरेल बरंच निर्धोक कारण ते बहुतांशी संतृप्त. पॅराफिनचं मिनरल ऑइल असं तापत नाही. म्हणून ड्रायरची शेवटची थंड हवेची मिनिटं कमी करायची नाहीत. "वेळ वाचवतो" म्हणून ऑपरेटर पहिलं तेच कापतात. आणि पाळी संपताना गरम माल ड्रायरमध्ये सोडून जायचं नाही.

पंचगंगा
मंडळी, सगळं वाचलं. हायड्रोची वायर निघाली, ब्रेकचं लायनिंग मागवलंय. ६० किलोच्या जास्त चालणाऱ्या मशीनचं भोक बघितलं, साबणाचं पाणी आहे, तांबूस नाही.

दुसऱ्या हॉस्पिटलच्या मॅडमना भेटलो. संच दोनच निघाले. एक वाढवून घेणार का विचारलं, तर खरेदी त्यांच्या हातात नाही. शेवटी असं ठरतंय की वाढीव संच आम्ही घालायचा आणि किलोमागच्या दरात थोडी वाढ घ्यायची. दादा आधी नाही म्हणत होता, हिशेबनीसांचं गणित दाखवल्यावर गप्प बसला.

आता कच्चा आराखडा: वॉशरचं ग्रीस-बेल्ट-बोल्ट तासांवर, २०० आणि ५०० ला. दोन्ही मोठी मशिनं एकाच आठवड्यात, म्हणजे फिटर एकदाच बोलवायचा. रबर आणि पॅनेल महिन्यातून एकदा, दादाचा पहिला रविवार. वाफेचं सगळं बॉयलर तपासणीच्या वेळी, ती आमची फेब्रुवारीत येते. ठीक वाटतं का?

वॉर्ड_नंबर_सात
फेब्रुवारी हॉस्पिटलला बरा. लग्नांचं तुम्ही बघा.

ग्रीसगन
बाकी बरोबर, पण दोन्ही मोठी मशिनं एका आठवड्यात नको. उघडल्यावर काहीतरी निघतंच, पार्ट येईपर्यंत एक बंद राहिलं तर दुसरं धडधाकट हवं. शिवाय दोघांचे तास सारखे भरू देऊ नका. माल मुद्दाम असा वाटा की एक पुढे, एक मागे राहील. फिटरच्या एका फेरीचे पैसे जातील, जाऊ देत.

साबणाचं पाणी येतंय म्हणता, तर ५०० तासांची वाट न बघता सीलचा संच आत्ताच मागवा. यायला लागतील तेवढे दिवस ते मशीन हलक्या मालाला ठेवा, डोअरमॅट आणि बाथरोब त्यात टाकू नका.

वऱ्हाडी_ठेचा
ग्रीसगनभाऊ, एक विचारतो. आधीचा फिटर कोणतं ग्रीस घालत होता ते आम्हाले माहीत नाही. लिथियमचं घातलं तर चालते का?

ग्रीसगन
मॅन्युअलमध्ये जे आहे तेच. आधीचं पॉलियुरिया असेल आणि वरून लिथियम घातलंत तर दोन्ही मिळून पातळ होऊन वाहून जाण्याची शक्यता असते. माहीतच नसेल तर हाउसिंग उघडून जुनं पूर्ण पुसून काढा, मग नवं. आणि गन लावायच्या आधी निपल फडक्याने पुसा, नाहीतर लिंट आत जातं. डब्यावर मार्करने मशीनचा नंबर लिहून ठेवा.